ड्रायव्हरच्या वाटचा मका

काजवालीच्या घरात पाऊल टाकलं की आधी फ्रीझर दिसायचा, मग माणसं. आइस्क्रीमचं एक दुकान बंद पडलं तेव्हा तिच्या नवऱ्याने तो पेटीसारखा आडवा फ्रीझर उचलून आणला होता. वरची सरकती काच चरे पडून पांढरट झाली होती आणि एका बाजूला आइस्क्रीमच्या कोनाचं अर्धं खरवडलेलं चित्र तसंच होतं. स्वयंपाकघराच्या दारातून तो काही आत जाईना, म्हणून बाहेरच्या खोलीतच राहिला, सासूबाईंच्या कॉटला अगदी चिकटून. त्याची घरघर सतत चालायची. "एक घोरणारा मी जन्माला घातला, दुसरा त्याने आणून माझ्या उशाशी ठेवला," असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या.

काजवाली हे काही तिचं नाव नव्हे. कपड्यांच्या कारखान्यात ती शर्टांना काजं पाडायच्या मशीनवर बसायची, आणि तेच नाव कारखान्यातून गल्लीत आणि गल्लीतून घरापर्यंत आलं. नवरा भाजीचा ट्रक चालवायचा. त्याला सगळे ड्रायव्हरच म्हणत. उंचापुरा, मोठ्याने बोलणारा, हसला की खोकल्याची उबळ यायची. मूलबाळ झालं नाही. पहिली काही वर्षं दोघांनी वाट पाहिली, डॉक्टर केले, मग त्या विषयाचं नाव घेणं बंद झालं. तिघांचं घर होतं आणि तिघांना पुरेल इतकी बडबड ड्रायव्हर एकटाच करायचा.

त्या घरात वर्षातून एक दिवस मक्याचा असायचा. हंगामात ड्रायव्हर थेट शेतावरून गोड मक्याचं एक पोतं घरासाठी आणायचा. मका म्हणजे त्याचा जीव की प्राण. "कणीस तोडलं की त्याची गोडी पळायला लागते," तो म्हणायचा, "आपण तिच्या आधी घरी पोचायचं." वाटेतूनच त्याचा फोन यायचा, "पाणी ठेव." मग काजवाली कारखान्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन येई आणि मोठं पातेलं चढवी.

कामं ठरलेली होती. ड्रायव्हर जमिनीवर फतकल मारून कणसं सोलायचा. टोकाकडची पानं आणि केस एकाच मुठीत धरून असा काही झटका द्यायचा की अर्धं कणीस एका दमात उघडं पडे. केस काढणं सासूबाईंकडे. त्यांची नजर अधू झाली होती, पण ओलं फडकं फिरवताना दाण्यांच्या रांगांत अडकलेला एकेक केस त्यांच्या बोटांना बरोबर सापडायचा. पातेल्याची मालकीण काजवाली. पाण्यात मीठ घालायचं नाही, दाणा कडक होतो. एका वेळी थोडीच कणसं सोडायची, नाहीतर उकळी मरते. पुन्हा उकळी फुटली की जरा वेळ थांबायचं आणि कणसं उचलून बर्फाच्या पाण्यात टाकायची. बाहेरून गार लागलं तरी कणीस आतून गरम असतं, म्हणून ती एखादं उचलून गालाला लावून बघायची. मग परातीत कणीस उभं धरून वरून खाली सुरी. फार खोल नाही, नाहीतर दाण्याच्या मुळाचं कुसळ दाताखाली येतं. दाणे सुती कापडावर पसरून कोरडे करायचे, ताटांत एकेरी थर देऊन फ्रीझरमध्ये ठेवायचे आणि खड्यांसारखे खडखडायला लागले की पिशव्यांत भरायचे. पिशवीतली हवा ड्रायव्हर स्ट्रॉ लावून तोंडाने ओढून काढायचा आणि डोळे तिरळे करून दाखवायचा. सासूबाईंना ते दिसायचं नाही, पण काजवाली हसली की त्याही हसायच्या.

असाच एक मक्याचा दिवस होता. दुपारी फोन आला, "पाणी ठेव." तिने ठेवलं. पाणी उकळलं, आटलं, तिने आणखी घातलं. तेही आटलं. सासूबाई फडकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "टायर बसला असेल," त्या म्हणाल्या. संध्याकाळी ट्रकच्या मालकाचा माणूस दारात आला, तेव्हा काजवालीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि आधी जाऊन गॅस बंद केला. काय झालं ते न विचारताच तिला कळलं होतं की आता पाणी लागणार नाही.

ड्रायव्हरला खरचटलंही नव्हतं. शेजारी बसलेल्या क्लीनरचा हात मोडला होता. एका वळणावर, भर उन्हात, ड्रायव्हरचा डोळा लागला होता. रस्ता ओलांडणारी एक बाई आणि तिच्या कडेवरची मुलगी, दोघी जागच्या जागी गेल्या होत्या.

ड्रायव्हरने वकिलाला काही बोलू दिलं नाही. "झोप लागली. चूक माझी," एवढंच तो कोर्टात म्हणाला. वेग, ब्रेक, किती वेळ सलग गाडी चालवली, याचीच चर्चा झाली. काजवाली मागच्या बाकावर बसून नवऱ्याची पाठ बघत होती. मेलेल्या बाईचा नवरा पुढच्या बाकावर होता. तो एकदाही वळला नाही. सहा वर्षांची शिक्षा झाली.

पहिल्यांदा ती तुरुंगात भेटायला गेली तेव्हा मधे जाळी होती आणि दोन्ही बाजूंनी इतकी माणसं ओरडून बोलत होती की कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. काय बोलावं हे तिला सुचेना. आजवर बोलायचं काम त्याचं होतं. जेवता का, झोप लागते का, हे विचारून झालं. तो मान हलवत होता. शेवटी, काहीतरी बोलायचं म्हणून ती म्हणाली, "यंदाही मका भरून ठेवते. तुम्ही याल तेव्हा घरात असलेला बरा."

त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, "बरं."

त्या एका शब्दाला ती धरून बसली. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, "मक्याचं काढलं तेव्हा कुठे बोलले."

क्लीनरचा हात तोवर बरा झाला होता आणि पुढे त्याच मालकाने त्याला त्याच रस्त्यावर ट्रक चालवायला दिला. आता तोच ड्रायव्हर झाला होता, पण काजवालीच्या घरात त्याचं नाव क्लीनरच राहिलं. हंगाम आला तशी ती त्याला गाठायला मालकाच्या गोडाऊनवर गेली.

"भाऊ, एक पोतं मका आणून द्याल का? यांना आवडतो. भरून ठेवीन म्हणते."

क्लीनर ट्रकच्या टपावर दोरी आवळत होता. त्याचे हात थांबले.

"वहिनी, उस्तादांना माहीत आहे?"

"त्यांनीच तर बरं म्हटलंय."

तो खाली उतरला, हात पुसले, पुन्हा पुसले. "आणतो," म्हणाला.

त्याने आणलं. पोतं दाराशी टेकवलं आणि चहाला थांबला नाही. दर हंगामात तसंच. उंबऱ्याच्या आत त्याने कधी पाऊल टाकलं नाही. काजवालीला वाटायचं, घरात बाप्यामाणूस नाही म्हणून बिचारा रीत पाळतो.

सोलायचं काम आता तिच्यावर आलं. तिला तो झटका जमायचा नाही, पानं तुकड्या-तुकड्यांनी निघायची. पिशवीतली हवा ती हाताने दाबून काढायची. नवा मका आत गेला की वर्षभराचा जुना बाहेर निघे आणि तो दोघी खात. "त्याच्या नावाने आपणच चरतोय," सासूबाई म्हणायच्या. "तो सुटून येईल तेव्हा म्हणेल, मी इथे वाळलो आणि या दोघी बघा."

भेटीला गेलं की काजवाली मक्याचा सगळा वृत्तांत सांगे. यंदा दाणा कसा भरलाय, पाऊस लांबल्याने कणसं कशी लहान आलीत, आईंना आता केस सापडत नाहीत पण त्या हट्टाने बसतात. तो ऐकून घ्यायचा. कधीकधी म्हणायचा, "एवढा कशाला त्रास घेतेस." ती म्हणायची, "त्रास कसला त्यात." मग तो जाळीवर बोट फिरवत राहायचा. दिवसेंदिवस त्याचं बोलणं आटत गेलं. एकदा तर ती लांबचा प्रवास करून गेली आणि आतून निरोप आला, त्याला भेटायचं नाही. बाहेरच्या बाकड्यावर ती शेवटची बस होईपर्यंत बसली. घरी सासूबाईंना मात्र सांगितलं, "बरे आहेत. तुमची आठवण काढत होते."

सासूबाई सुटकेच्या आदल्या वर्षी गेल्या. फार काही झालं नव्हतं, ताप आला आणि उतरलाच नाही. मुलाला यायची परवानगी मिळाली, पण कागद हलेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तो दोन पोलिसांबरोबर आला, रिकाम्या कॉटकडे बघून उभा राहिला आणि तसाच परत गेला. जाताना त्याची नजर फ्रीझरवर पडली. काजवालीला वाटलं, मका आहे का ते बघतोय. तिने घाईघाईने काच सरकवून पिशव्या दाखवल्या. एक पोलीस हसला.

मग तो सुटून आला. ज्या माणसाला ती आणायला गेली होती तो अर्धाच बाहेर आला असं तिला वाटलं. अंगाने निम्मा झाला होता आणि आवाज तर इतका बारीक की एकच गोष्ट दोनदा विचारावी लागे. घरी आल्यावर त्याने हातपाय धुतले आणि ताटावर बसला. काजवालीने आदल्या हंगामातली पिशवी फोडली. दाणा दाण्याला चिकटला नव्हता. तव्यावर लोणी, त्यावर दाणे, मीठ, मिरपूड. ताट समोर ठेवून ती स्वतःचं न वाढताच बघत बसली. इतकी वर्षं तिने हीच घडी डोळ्यांपुढे आणली होती.

त्याने ताटाकडे पाहिलं. मग चमचा उचलला आणि एकेक चमचा करत सगळं संपवलं.

"कसा झालाय?"

"चांगला आहे."

थोड्या वेळाने तो मोरीत गेला. नळ सोडल्याचा आवाज आला, पण नळाच्या आवाजाखालून ओकारीचा आवाजही आला. बाहेर येऊन म्हणाला, "पोटाला सवय नाही राहिली." तिला पटलं. तुरुंगातलं अन्न खाऊन आतडी सुकली असतील. म्हणून तिने पुढच्या वेळी मका मऊ शिजवला, मग त्याचं सूप केलं. तो खायचा. कधीच नको म्हणाला नाही. आणि दर खेपेला मोरीचा नळ वाहायचा.

हंगाम आला. तो घरात आहे हे क्लीनरला कुणी सांगितलं नसावं. सुट्टीचा दिवस होता. क्लीनरने नेहमीसारखं पोतं पाठीवरून उतरवलं आणि वर बघतो तर दारात ड्रायव्हर उभा. दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"उस्ताद," क्लीनर म्हणाला.

"गाडी चांगली चालते का रे?" ड्रायव्हरने विचारलं.

"चालते."

"झोप घेत जा." एवढं बोलून त्याने पोत्याचं तोंड धरलं, ते ओढत आत आणलं आणि जमिनीवर फतकल मारून बसला. काजवालीने पातेलं चढवलं. तिचा जीव हरखून गेला होता. त्याने पहिलं कणीस घेतलं, मूठ आवळली, झटका दिला. तोच झटका. दुसरं घेतलं. तिसरं घेतलं. कणीस सुटून घरंगळत कॉटखाली गेलं. ते काढायला तो ओणवा झाला आणि तसाच राहिला, कपाळ जमिनीला टेकवून. ती धावली तर त्याने हातानेच थांब म्हटलं, उठला आणि मोरीत जाऊन कडी लावली.

काजवाली तशीच अनवाणी जिना उतरून खाली धावली. क्लीनर गल्लीच्या तोंडाशी ट्रकमध्ये चढत होता.

"भाऊ, यांना काय होतंय? तुम्हाला माहीत आहे. मला सांगा."

तो खाली उतरला. ट्रकच्या चाकाशी टेकून उभा राहिला आणि तिच्याकडे न बघता बोलला. त्या दिवशी गाडीत कोबी होता. घरचं पोतं टपावर बांधलं होतं. नेहमीच्या धाब्यावर झोप काढायची वेळ झाली होती, तो स्वतः म्हणालाही, उस्ताद, थांबू या. पण उस्ताद म्हणाले, नको, गोडी जाईल, ती तिकडे पाणी ठेवून बसली असेल. ब्रेक लागला तेव्हा टपावरची दोरी तुटली.

"पोतं त्या पोरीवरच पडलं वहिनी. फुटलं. आम्ही दोघं कणसं बाजूला करत होतो. माझा एक हात मोडलेला, जास्त उस्तादच करत होते. कणसं संपेचनात."

गल्लीतून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"इतकी वर्षं मी तुमच्याकडून मका आणवते," ती म्हणाली. "एका शब्दाने सांगायचं होतं."

"पहिल्या वेळी सांगणारच होतो. तुम्ही म्हणालात, ते बरं म्हणाले. मला वाटलं, त्यांनाच हवं असेल काही तरी. शिक्षा म्हणून." त्याने डोळे पुसले. "मी चुकलो असेन. मला नाही कळलं."

ती जिना चढून वर आली. पातेल्यातलं पाणी खळाखळा उकळत होतं. ड्रायव्हर पुन्हा पोत्यापाशी बसला होता आणि सोलत होता. तोंड ओलं होतं, शर्टाची कॉलर ओली होती.

"राहू द्या ते," ती म्हणाली.

"खराब होईल."

"होऊ द्या. मला कळलं सगळं."

त्याचे हात थांबले नाहीत. एक कणीस सोलून झालं, मग दुसरं.

"मला सांगायचं नाही का तुम्ही?"

"कसं सांगणार?" तो म्हणाला. "तू जाळीशी आलीस की त्याचंच बोलायचीस. तुझ्याकडे दुसरं काय होतं? आईचं त्या निमित्ताने हातपाय हलवणं, तुझं ते भरणं. तेवढ्यावर तुम्ही दोघी तगून होतात. ते कसं काढून घेऊ?"

काजवालीला त्या बाकड्यावर काढलेला दिवस आठवला, मक्याचं बोलायला म्हणून केलेला सगळा प्रवास आठवला. जाळीपलीकडच्या माणसाला ती दर खेपेला नेऊन काय दाखवत होती, हे आत्ता तिच्या ध्यानात येत होतं आणि ध्यानात येऊन थांबत नव्हतं, आणखी खोल जात होतं. तिने गॅस बंद करायला हात पुढे केला.

"असू दे," तो म्हणाला. "आता सोललाय. टाक."

तिने का ऐकलं हे तिलाही सांगता आलं नसतं. ती कणसं पाण्यात सोडत गेली, काढत गेली. केस कुणी काढले नाहीत, ते तसेच पाण्यात तरंगत राहिले. दोघांनी सगळं पोतं संपवलं. दाणे काढले, कापडावर पसरले, ताटांत घातले. ते काम संपलं तेव्हा दोघांच्याही बोटांना चिकट गोड पाणी लागलं होतं आणि ड्रायव्हरने साबण लावून लावून हात धुतले.

पुढच्याच आठवड्यात काजवालीने फ्रीझरचं बटण बंद केलं. पिशव्या तिने पलीकडच्या गोठ्यातल्या बाईला देऊन टाकल्या. त्या बाईने आनंदाने घेतल्या. म्हणाली, एवढा चांगला माल जनावरांना कशाला, आम्हीच खाऊ. फ्रीझर भंगारवाल्याने नेला. त्या जागी फरशीवर गंजाची चौकट उमटली होती, ती घासून निघाली नाही. घर अगदी गप्प झालं. सासूबाईंचा आवाज नव्हता, ड्रायव्हरचा तर केव्हाच गेला होता, आता घरघरही उरली नाही.

तिला वाटलं होतं, गाठ सुटली, आता तो बोलेल. आपण बोलू. तसं काही झालं नाही. एकदा तिने विचारलं, "माझ्यामुळे थांबला नाहीत का तुम्ही?" तो म्हणाला, "गाडी मी चालवत होतो." पुन्हा विचारायची तिची छाती झाली नाही. त्याच्या उत्तरात तिच्यावर राग नव्हता. तिच्यासाठी जागाही नव्हती.

ड्रायव्हरला पुढे एका गोडाऊनच्या फाटकावर राखणदाराचं काम मिळालं. गोडाऊन घरापासून लांब नव्हतं, पण मधे मोठा रस्ता होता, आणि तो रस्ता त्याला एकट्याने ओलांडता येत नसे. कडेला येऊन तो उभा राहायचा तो उभाच. म्हणून सकाळी कारखान्यात जायच्या आधी काजवाली त्याला पलीकडे सोडायला जायची आणि संध्याकाळी आणायला. तो तिचं कोपर धरायचा. बघणाऱ्यांना वाटायचं, माणसाला दिसत नसावं. कुणी कुणी वाटही करून द्यायचे.

एके सकाळी भर रस्त्यात त्याचे पाय थिजले. ती ओढत होती, तो हलत नव्हता. दोन्हीकडून गाड्यांचे कर्कश हॉर्न सुरू झाले. एक ट्रक करकचून थांबला आणि आतल्या पोरसवदा ड्रायव्हरने डोकं बाहेर काढून शिवी हासडली. तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो त्या ट्रककडे बघतही नव्हता. तो खाली, रस्त्यावर, चाकांपुढच्या मोकळ्या जागेकडे बघत होता. पुढे न्यावं की मागे, हे तिला ठरवता येईना. तिने त्याचा हात आपल्या कोपराशी घट्ट दाबून धरला आणि तीही तिथेच उभी राहिली.